ठोक, झाड, पूस

आमच्या कृषी विद्यालयातल्या अवजारांच्या गोदामाला दिवसभर कुलूप नसायचं, तरी आत पाय टाकायची कोणाची हिंमत होत नसे. दारात सुखदेव गावंडे बसलेले असत. अकोटच्या रस्त्यावर, गावापासून जरा बाजूला आमचं विद्यालय होतं. बीएससी झाल्यावर मला तिथं प्रात्यक्षिकांचा सहायक म्हणून पहिली नोकरी लागली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आईवडील नांदगाव खंडेश्वरला बाजारात भाजी विकायचे. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी इस्त्रीचा शर्ट घालून, जरा ताठ मानेनंच वावरत होतो. तो ताठा गावंडेभाऊंनी गोदामाच्या दारातच उतरवला.

मुलांकडून पिकाच्या ओळींतली डवरणी, म्हणजे कोळपणी, करून घेऊन मी दोन डवरे आणि एक फवारणीचा पंप परत आणला होता. पाऊस होऊन गेलेला. आमच्याकडची काळी माती ओली झाली की पायालाही सोडत नाही, मग लोखंडाचं काय विचारता. मी तसाच आत शिरत होतो.

"ओ बीएससी! कोठी चालले?"

"आत ठेवतो."

"ठेवा न. पण वावर कावून संग घेऊन चालले? वावर वावरात राहू द्या."

मुलं हसली. मी लाल झालो. गावंडेभाऊ मात्र हसले नाहीत. ते उठले, दाराशी ठेवलेला बाभळीचा ठोकळा घेतला आणि डवऱ्याच्या दांड्यावर तीन ठोके दिले. ढेकळं गळून पडली. मग काथ्याच्या ब्रशनं फट अन् फट झाडली. मग जुन्या धोतराच्या फडक्यानं, एखाद्या लहान मुलाचे पाय पुसावे तसं सगळं पातं कोरडं केलं.

"ठोक, झाड, पूस," ते म्हणाले. "ह्याच क्रमानं. आधी पुसलं तं चिखल आत भरते. आलं ध्यानात?"

पुढच्या तीन वर्षांत हे तीन शब्द मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. प्राचार्यांच्या गाडीतला जॅक परत आला तरी तेच, शिपाई खराटा ठेवायला आला तरी तेच.

गावंडेभाऊ सतरा वर्षं फौजेत होते. आसपासच्या गावांत फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणायची पद्धत आहे. त्यांना ते खपत नसे. कोणी "काय मेजर?" म्हटलं की ते लगेच दुरुस्ती करत. "मेजर नाही, नायक. मेजर असतो तं तुमच्या दारात कायले बसलो असतो?" फौजेतले किस्से मात्र त्यांच्याकडून कधीच ऐकायला मिळाले नाहीत. मुलं मागं लागत, "भाऊ, बरफात किती थंडी असते, सांगा न." ते म्हणत, "फ्रीज उघडून त्यात डोकं घाला अन् दार लावून घ्या. कळते." विषय संपला.

त्यांच्या डाव्या हाताच्या तीन बोटांची टोकं काळसर आणि घट्ट झालेली होती. त्या बोटांना गरम-थंड काही कळत नसे. चहाचा उकळता ग्लास ते डाव्या हातात धरत आणि आम्हालाच चटका बसल्यासारखं व्हायचं.

दसऱ्याला गोदामातली सगळी अवजारं बाहेर काढून त्यांची पूजा व्हायची. तिफण, वखर, पंप, पॉवर टिलर ओळीनं मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे. गावंडेभाऊ सगळ्यांच्या मागं हात जोडून उभे राहत. आरती झाली, प्रसाद वाटला, की ते फडकं घेऊन पुढं येत आणि हळदकुंकू पुसायला लागत. पहिल्यांदा हे पाहून आमच्या प्राचार्यबाई चांगल्याच रागावल्या.

"अहो गावंडे, आजच्या दिवस तरी राहू द्या! अपशकुन असतो."

"मॅडम, देवाचं झालं. आता लोखंडाचं पाहू द्या. नारळाचं पाणी रातभर राहिलं तं उद्या तांबेरा."

बाईंनी कपाळाला हात लावला, पण पुसू दिलं. दरवर्षी हा संवाद थोड्याफार फरकानं व्हायचाच, आणि तो ऐकायला शिक्षक मुद्दाम थांबत.

ते राहायचे गोदामाला लागून असलेल्या खोलीत. एक खाट, एक स्टोव्ह, एक ताटली, एक ग्लास. पाहुणा आला तर त्याला ग्लासात चहा आणि स्वतःला ताटलीत. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणत, जणू बाजारातून एखादी वस्तू आणायची राहून गेली. हिवरखेडला भाऊ होता. दिवाळीला सकाळी जात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. सुट्टीत विद्यालय रिकामं झालं की त्या सगळ्या आवारात ते एकटेच. मी एकदा मे महिन्यात कागदपत्रांसाठी अचानक गेलो, तेव्हा ते गोदामातले सगळे पंप बाहेर मांडून एकेक झाडत बसले होते. दोन महिने कोणी त्यांना हात लावलेला नव्हता. त्यांच्यावर माती नव्हती, धूळही नव्हती.

माझ्यावर त्यांचे उपकार बरेच आहेत, त्यातला एक सांगतो. माझे वडील एकदा मी कुठं काम करतो ते पाहायला आले. धोतर, टोपी, हातात वांग्यांची पिशवी. फाटकापाशीच घुटमळत उभे राहिले, आत यायला धजेनात. मी वर्गावर होतो. गावंडेभाऊंनी त्यांना पाहिलं, आणलं आणि आपली खुर्ची दिली. त्या खुर्चीवर मी कधी प्राचार्यांनाही बसलेलं पाहिलं नव्हतं. मी आलो तर गावंडेभाऊ उंबऱ्यावरून ताडकन उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या सर." मला ते एरवी बीएससी म्हणत. त्या दिवशी वडील असेपर्यंत चार-पाच वेळा सर म्हणाले. वडील परत निघून गेल्यावर म्हणाले, "ओ बीएससी, वांगे अर्धे मले ठेवा." वडील त्यानंतर दोन वर्षं गावात सांगत होते, की माह्या पोराले फौजी माणूस उठून सलाम करते.

दर रविवारी दुपारी चारच्या सुमारास गावंडेभाऊंचा फोन वाजायचा. तो पंजाबभाऊंचा असे. पंजाब हे त्यांचं नाव, राहणार अचलपूर. दोघं एकाच भरतीत लागले, एकाच तुकडीत राहिले. पंजाबभाऊंचे दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत कापावे लागले होते, 'बरफात गेले' एवढंच मला माहीत होतं. गावंडेभाऊ फोन घ्यायला खोलीबाहेर येत आणि बोलणं संपेपर्यंत उभेच राहत. पंजाबभाऊंचा आवाज इतका मोठा की पलीकडच्या व्हरांड्यातही ऐकू यावा.

"गावंड्या, कवा येतं बे?"

"येतो न. हे सोयाबीन निघू दे."

पुढं कापूस निघू दे. मग हरभरा. मग मुलांच्या परीक्षा. विद्यालयाच्या पिकांशी गावंडेभाऊंचा काडीचा संबंध नव्हता, आणि परीक्षांशी तर त्याहून नाही. अकोटवरून अंजनगावमार्गे एसटीनं अचलपूर दोन-अडीच तासांवर. फौज सोडल्यापासून ते एकदाही गेले नव्हते. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ रस्त्याकडे पाहत उभे राहत. न राहवून मी एकदा म्हणालो, "भाऊ, जाऊन या की. इतकं बोलावतात."

"जाचं तं आहे," ते म्हणाले. "पण गेलो तं एक गोष्ट सांगा लागते. अन् ते सांगनं होत नाही."

कोणती गोष्ट, हे मला त्यानंतर दोन वर्षांनी कळलं.

फेब्रुवारीचा शेवट होता. सकाळपासून उकडत होतं. मुलांचं प्रात्यक्षिक म्हणून सगळी अवजारं मैदानात मांडली होती. पंप, टोकणयंत्रं, पॉवर टिलर, तुषार सिंचनाचे पाइप. तीनच्या सुमारास मेळघाटाकडून काळंभोर आभाळ आलं आणि एकदम गारा सुरू झाल्या. बोरांएवढ्या, मग लिंबांएवढ्या. आम्ही मुलांना घेऊन वर्गात पळालो. पत्र्यांवर असा आवाज, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं. बाहेर आलो तर समोरचं मैदान पांढरं. गहू आडवा, निंबाखाली पानांचा खच, आणि अवजारं गारांखाली बुजलेली. पंपांच्या खाचांत, पाइपांच्या तोंडात, टिलरच्या इंजिनावर गारांचा ढीग.

पुन्हा आभाळ भरून येत होतं. प्राचार्यबाई व्हरांड्यातून ओरडल्या, "उचला! जसं आहे तसं आत टाका!" आम्ही पंप उचलून गोदामाकडे धावलो. दारात गावंडेभाऊ दोन्ही हात चौकटीला लावून उभे होते.

"आत नाही जाणार."

"भाऊ, पुन्हा येऊन राहिल्या गारा!"

"येऊ द्या. ठोका आधी. झाडा."

"अहो, गारा आहेत त्या, वितळून जातील!" मी चिडून म्हणालो.

"तेच तं म्हणून राहिलो मी! आत जाऊन इतळतीन!"

त्यांचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चेहरा पांढरा पडला होता. शिपाई पुटपुटला, "फौजी सटकला." गावंडेभाऊ आमच्यामधून मैदानात गेले आणि उघड्या हातांनी गारा काढायला लागले. ब्रश दाराशीच राहिला. पट्ट्यांची बक्कलं बोटांनी खरवडत होते, त्यात अडकलेले बर्फाचे तुकडे नखांनी काढत होते. एक पंप झाला की आत, मग दुसरा. थोडा वेळ आम्ही पाहत राहिलो, मग सगळेच वाकलो. दुसऱ्यांदा गारा पडल्याच नाहीत, नुसता पाऊस आला. तोवर सगळं कोरडं होऊन आत गेलं होतं.

संध्याकाळी मुलं गेली. मी गोदामाकडे गेलो तर ते उंबऱ्यावर बसले होते. उजव्या हाताची बोटं लालभडक, डावी तशीच काळसर. समोर अजून झाडांच्या सावलीत गारांचे ढिगारे होते. मी रागावून बोलल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी ती ऐकलीच नाही बहुतेक.

"असंच दिसे," ते मैदानाकडे पाहत म्हणाले. "फक्त ते कवा संपे नाही."

मग त्यांनी सांगितलं. वरच्या चौकीवर नियम होता, की बाहेरची कोणतीही वस्तू आत घ्यायची तर तिच्यावरचा बर्फ आधी पूर्ण काढायचा. फावडी, दोर, तेलाचे डबे, आजारी माणसाला न्यायची बर्फावरची घसरगाडी, सगळं. आत शेगडी असते. बर्फ वितळतो, पाणी पट्ट्यांत, बक्कलांत शिरतं, आणि शेगडी विझली की तिथंच गोठतं. मग ती वस्तू उघडत नाही, वाकत नाही. एका संध्याकाळी घसरगाडी झाडायची पाळी गावंडेभाऊंची होती. खालून टपाल आलं होतं, त्यात घरचं पत्र होतं.

"म्हटलं, वाचून झाडतो. वाचलं, अन् तसाच झोपलो. पाच मिनिटाचं काम होतं, सर."

त्या संध्याकाळी त्यांनी मला सर म्हटलं, आणि या वेळी ते वडिलांसाठी नव्हतं.

सकाळी पंजाबभाऊंचे पाय पांढरे पडलेले दिसले. हेलिकॉप्टर बोलावलं. ते खालच्या जागेवर काही मिनिटंच थांबू शकत होतं. घसरगाडीचे पट्टे लाकडासारखे झाले होते, बक्कल हलेना. स्टोव्हवर धरून सोडवेपर्यंत अर्धा तास गेला. तेवढ्यात ढग उतरले. हेलिकॉप्टर परत गेलं आणि पुन्हा आलं ते दोन दिवसांनी.

"कोणी विचारलं नाही का, पट्टे कसे गोठले ते?"

"त्या गडबडीत कोण इचारते? सगळ्यायनं ढगाचं नाव घेतलं. पंजाबही ढगाचंच घेते."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. अर्ध्या तासात काय फरक पडला असता, हवामान कोणाच्या हातात असतं, असं काहीतरी. त्यांनी ते ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुमी शिकलेले आहा, तुमाले असं बोलता येते. मी तिथं होतो."

तेवढ्यात फोन वाजला. रविवार नव्हता. त्यांनी नाव पाहिलं आणि उभे राहिले.

"गावंड्या! तिकडं गारा पडल्या म्हणे? टीव्हीवर दाखवून राहिले. तू उघड्या हातानं नाही न गेला बाहेर? तुये बोटं आधीच गेलेले आहेत, लेका. झाकून ठेवजो."

पलीकडून "आयकून राहिला का बे?" असं दोनदा आलं.

"पंजाब," ते म्हणाले, "मी उद्या येतो."

कोणत्याही पिकाचं नाव न घेता. फोन ठेवून माझ्याकडे वळले. "तुमी चला संग. परत येताना कोणी तं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही अचलपूरला गेलो. पंजाबभाऊंचं घर गल्लीच्या तोंडाशी, पुढच्या खोलीत किराण्याचं छोटं दुकान. ते गादीवर बसून होते, जाड मिशा, छाती रुंद. नकली पाय घासतात म्हणून कोपऱ्यात काढून ठेवलेले, बाहेर हातानं चालवायची तीनचाकी. गावंडेभाऊंना पाहिल्यावर त्यांनी दोन्ही हात पसरले. गावंडेभाऊ वाकले तशी त्यांच्या पाठीवर असे धपाटे घातले, की बरण्या हलल्या.

"कमल! पाह्य कोण आला! अकरा वर्सांनी याचा हरभरा निघाला!"

कमलवहिनी पाणी घेऊन आल्या. पंजाबभाऊ मला सांगायला लागले, भरतीच्या वेळी साहेबानं नाव विचारलं आणि गाव पंजाबमधलं कोणतं म्हणून विचारलं, मग हा गावंड्या मधे कसा बोलला. ते हसत होते. गावंडेभाऊ उभेच होते.

"पंजाब, मले एक सांगाचं आहे," ते म्हणाले. "घसरगाडी झाडाची पाळी माही होती. मी झाडली नाही. पत्र वाचत बसलो. पट्टे त्याच्यानं गोठले."

दुकानात एक मुलगी साखर घ्यायला आली होती. कमलवहिनींनी तिला तशीच परत पाठवलं.

पंजाबभाऊंनी नजर समोरच्या रस्त्याकडे वळवली. मग इतक्या हळू बोलले, की मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकायला पुढं झुकलो.

"म्या अठरा वर्सं ढगाले शिव्या देल्या."

"हाव."

"अन् तू दर रविवारी आयकत होता."

गावंडेभाऊंनी मान हलवली.

"जाय आता," पंजाबभाऊ म्हणाले.

"अवो, जेवण झालं आहे तयार," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

"मग जेवू दे. जेवला का जाय म्हणा."

आम्ही आतल्या खोलीत जेवलो. वहिनींनी रोडगे केले होते, वांग्याची भाजी होती. मी अर्धा रोडगा ताटातच ठेवला. गावंडेभाऊंनी मात्र ताटातलं सगळं संपवलं, वाढलेलंही नाही म्हटलं नाही. निघताना पंजाबभाऊ पाठमोरे बसून बरण्या लावत होते. परतीच्या गाडीत गावंडेभाऊ खिडकीशी बसले. अंजनगाव गेल्यावर एवढंच म्हणाले, "रोडगे चांगले होते."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. चार वाजले की गावंडेभाऊ खोलीबाहेर येऊन उभे राहत आणि पाचला आत जात. त्यांना सांगायला मीच तर नव्हतं ना भाग पाडलं, असं मला वाटायचं, आणि अजूनही कधीकधी वाटतं. तिसऱ्या रविवारी सकाळी ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून एसटीत बसले. संध्याकाळी आले. नंतर दर रविवारी जायला लागले. मी धीर करून विचारलं, "बोलतात का पंजाबभाऊ?"

"नाही."

"मग?"

"दार लावत नाही," ते म्हणाले.

त्याच वर्षी मला अमरावतीला चांगली नोकरी लागली. निघताना मी गावंडेभाऊंच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदा धरून सरळ उभं केलं. म्हणाले, "तुमच्या बाबाले नमस्कार सांगजा."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, बऱ्याच वर्षांनी. कामासाठी अचलपूरला गेलो होतो. रविवार होता, बाजाराची गर्दी. मी मोटारसायकल नदीच्या पुलाआधी एका रसवंतीपाशी लावली आणि समोर तीनचाकी दिसली. पंजाबभाऊ बसले होते, पुढ्यात किराण्याची दोन पोती. मागून गावंडेभाऊ ढकलत होते. पुलाचा चढ आहे तिथं. ते पुढं वाकून, मान खाली घालून एकेक पाऊल टाकत होते, केस पार पांढरे झालेले. पंजाबभाऊ सरळ समोर पाहत होते. मागं वळून बघत नव्हते, बोलतही नव्हते. पण हात त्यांनी दांड्यावरून काढून मांडीवर ठेवले होते.

मी हाक मारणार होतो, मारली नाही.

चढ संपला, तोवर मीही त्यांच्या मागं पुलावर आलो होतो. पुलावरून तीनचाकी पलीकडच्या उताराला लागली आणि वेग घेतला. पंजाबभाऊंचे हात दांड्यावर गेले. गावंडेभाऊंची पकड सुटली आणि ते मागं राहिले, मग त्या वयात, चपला वाजवत पळायला लागले. माझ्यासमोर एक बैलगाडी आडवी आली. पंजाबभाऊंनी त्यांच्यासाठी ब्रेक लावला की नाही, ते मला गर्दीत दिसलं नाही.